जन्माआधीपासून मोठेपणापर्यंत चालणाऱ्या अभ्यासात बाळाचं नाव द्यावं का?

मृण्मयी_स

मला पाचवा महिना सुरू आहे. गेल्या आठवड्यात सोनोग्राफीसाठी नंबर लावून बसले होते, तेव्हा एक परिचारिका शेजारी येऊन बसली आणि तिने चौदा पानांचं माहितीपत्रक हातात दिलं. आई आणि बाळाच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू होतोय, नाव द्याल का, असं विचारलं. घाई नाही, घरी नेऊन वाचा, म्हणाली.

दोनदा वाचलं. आत्ता माझं रक्त आणि लघवी. बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त आणि वारेचा तुकडा. मग बाळ सहा महिन्यांचं, वर्षाचं, दीड वर्षाचं झालं की प्रश्नावल्या आणि मोजमापं. पुढे दर एक-दोन वर्षांनी हेच, थेट अठरा वर्षांपर्यंत. दुधाचे दात पडतील ते पाकिटात घालून पाठवायचे. नवऱ्यानेही रक्त द्यायचं आणि त्याची वेगळी प्रश्नावली भरायची. दवाखान्यातल्या नोंदी बघायची परवानगी द्यायची. आणि नवव्या पानावर ठळक अक्षरांत: "या अभ्यासातून आपणास अथवा आपल्या बाळास थेट लाभ होईल असे नाही."

नवरा म्हणतो, फायदा नाही हे तेच सांगताहेत, मग अठरा वर्षं कशाला अडकायचं? आणि माझं रक्त कशाला हवंय त्यांना? सासूबाईंना वारेचा तुकडा काढून ठेवतात हेच पटत नाही. मला मात्र चटकन नाही म्हणवत नाहीये. इथे कोणी अशा अभ्यासात काम केलंय का, किंवा भाग घेतलाय का? एवढं सगळं गोळा करून नेमकं कळतं तरी काय? मधेच सोडता येतं का? पुढच्या तपासणीला तीन आठवडे आहेत.

जुना_वाचक

मृण्मयी, अभिनंदन आणि तब्येतीला जपा. मी संख्याशास्त्रातला माणूस. वीसेक वर्षं अशाच अभ्यासांच्या आकडेवारीवर काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"एवढं सगळं आत्ताच का" या प्रश्नापासून सुरुवात करू. समजा एखाद्या बाळात जन्मतः काही दोष निघाला. त्याच्या आईला विचारलं, तिसऱ्या महिन्यात तुम्ही कुठली गोळी घेतली होती? ती आई नऊ महिन्यांतला एकेक दिवस आधीच शंभरदा उलटून पाहिलेली असते. तिला सगळं आठवतं, कधी कधी न घडलेलंही आठवतं. निरोगी बाळाच्या आईला हाच प्रश्न विचारा, ती म्हणेल, छे, काहीच घेतलं नव्हतं. तीही खरंच बोलत असते, फक्त विसरलेली असते. दोघी प्रामाणिक आणि तरी तुलना फसवी. यातून सुटायचा चांगला मार्ग एकच: निकाल कोणालाच माहीत नसताना विचारायचं आणि लिहून ठेवायचं. तुमच्याकडे पाचव्या महिन्यात आलेत ते यासाठी.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार मोठी वाटते. लिहून ठेवणाऱ्याला ते पुढे कशाला उपयोगी पडेल हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या १३,६८७ आयांच्या मुलाखती झाल्या. जेम्स डग्लस नावाचे डॉक्टर प्रमुख होते. तेव्हाचे प्रश्न होते जन्मदर का घटतोय, बाळंतपणाला कुटुंबाचा किती खर्च होतो, कोणाला कशी सेवा मिळते. त्यातली ५,३६२ मुलं पुढे पाठपुराव्यासाठी निवडली. ती "मुलं" आता ऐंशीच्या घरात आहेत आणि अभ्यास अजून चालू आहे. त्यांना दोन वर्षांची होण्याआधी छातीचा संसर्ग झाला होता का, हे तेव्हा नोंदवलेलं होतं. त्या नोंदीच्या जोरावर २०२३ साली दिसलं की ज्यांना असा संसर्ग झाला होता, त्यांचा २६ ते ७३ या वयात श्वसनविकाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. धूम्रपान आणि घरची परिस्थिती हिशोबात धरूनही. नोंद करणाऱ्यांना हे पुढे इथवर पोचेल याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

त्याहून जुनं उदाहरण हर्टफर्डशरचं. तिथे १९११ पासून परिचारिका घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, अंगावर पाजलं की बाटलीने, दात किती आले, हे वहीत लिहीत. प्रत्येक बाळाची एक ओळ. एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिकांच्या प्रमुख होत्या. हे कुठलं संशोधन नव्हतं, नेमून दिलेलं काम होतं. त्या वह्या टिकल्या. डेव्हिड बार्कर यांच्या गटाने त्यातले १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेले ५,६५४ पुरुष शोधून काढले आणि १९८९ साली दाखवलं की वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. हृदयविकाराचं मूळ पाळण्यापर्यंत मागे जाऊ शकतं हा विचार त्या वह्यांमुळे पुढे आला.

बाकीच्या प्रश्नांवर नंतर लिहितो.

वैदेही

वाचतेय. छान धागा.

प्रश्नार्थी

जुना_वाचक, माहिती उत्तम, पण मला एक खटकतं. वर्षाचं असताना वजन कमी होतं कोणाचं? गरिबाघरच्या बाळाचं. पुढे दमट घर, धुराचं काम, निकृष्ट खाणं कोणाच्या वाट्याला आलं? त्याच्याच. मग हृदयविकार वजनामुळे की गरिबीमुळे? रोज वर्तमानपत्रात येतं, अमुक खाणाऱ्या आईची मुलं हुशार निघतात. हुशार निघतात कारण ती आई शिकलेली असते, घरात पुस्तकं असतात. चौदा हजार मुलांची माहिती गोळा केली म्हणून ही अडचण संपत नाही. चूक फक्त जास्त ठाम होते.

मृण्मयीताई, तुम्हाला परावृत्त करायचं नाही. पण सही करायच्या आधी हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

केतकी_

प्रश्नार्थी, शंका अगदी रास्त आहे. बार्कर यांच्यावर हाच आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला, आणि या क्षेत्रातलं सगळ्यांत चांगलं काम त्या आक्षेपाला उत्तर शोधताना झालं. मी बालरोगतज्ज्ञ आहे, संशोधक नाही, पण हे वाचत आले आहे.

एक वाट अशी. स्तनपान केलेल्या मुलांचा बुद्ध्यांक जास्त आणि लठ्ठपणा, रक्तदाब कमी, असं श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत दिसायचं. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये सुरू झालेला एव्हन अभ्यास घ्या. जीन गोल्डिंग यांनी उभा केलेला, १४,५४१ गर्भारपणांची नोंद असलेला. तिथे सुस्थितीतल्या, शिकलेल्या आया जास्त काळ पाजायच्या, म्हणजे तुम्ही म्हणता तोच गोंधळ. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरातही असेच जन्म-अभ्यास आहेत, पहिला १९८२ चा. पण तिथे १९९३ साली जन्मलेल्या मुलांमध्ये अंगावर पाजणं आणि घरची सुबत्ता यांचा जवळपास संबंधच नव्हता. २०११ साली दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले. लठ्ठपणा आणि रक्तदाबाचा संबंध एव्हनमध्ये दिसला, पेलोटासमध्ये नाहीसा झाला. तो दुधाचा नव्हता, घराचा होता. बुद्ध्यांकाचा संबंध मात्र दोन्हीकडे उरला. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली १७,०४६ आई-बाळांची मोठी चाचणी झाली होती. काही दवाखान्यांत स्तनपानाला खास प्रोत्साहन दिलं, काहींत नेहमीचीच पद्धत ठेवली, आणि कुठे काय करायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. तिचाही निकाल तोच आला: बुद्ध्यांकात फरक, लठ्ठपणात नाही.

दुसरी वाट मृण्मयी, तुझ्या नवऱ्यासाठी. वडिलांची माहिती कशाला हवी? आई गर्भारपणात सिगारेट ओढत असेल तर बाळाचं वजन कमी भरतं. पण ते धुरामुळे, की सिगारेट ओढणाऱ्या घरांची परिस्थितीच वेगळी असते म्हणून? मग वडिलांच्या सिगारेटकडे बघायचं. घर तेच, शिक्षण तेच, पण वडिलांच्या रक्ताचा गर्भाशी थेट संबंध नाही. एव्हनच्या आकडेवारीत आईच्या सिगारेटचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला, वडिलांच्या सिगारेटचा अगदी पुसट. याचा अर्थ दोष घराचा नाही, गर्भापर्यंत पोचणाऱ्या धुराचा. वडिलांची प्रश्नावली भरून आली नसती तर हे सांगता आलं नसतं. बरेच पुरुष ती भरत नाहीत आणि ही पडताळणीच हातची जाते. त्याला हे जरूर सांग.

आणि कधी कधी इतिहासच क्रूर प्रयोग करतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची अन्नाची रसद तोडली. रोजचं रेशन ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. सुखवस्तू घरंही त्यातून सुटली नाहीत, आणि मे १९४५ मध्ये देश मुक्त झाल्यावर अन्न पुन्हा मिळू लागलं. उपासमार कधी सुरू झाली आणि कधी संपली हे माहीत असल्याने प्रत्येक बाळ पोटात कितव्या महिन्यात असताना उपाशी होतं ते काढता येतं. अॅमस्टरडॅमच्या एका रुग्णालयात त्या सुमाराला जन्मलेल्या २,४१४ जणांचा माग काढला. सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेली बाळं जन्मली तेव्हा वजनाला ठीक होती, पण पन्नाशीत त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. शेवटच्या महिन्यांत सोसलेली वजनाला कमी भरली, पुढे त्यांच्यात साखरेची तक्रार जास्त. म्हणजे जन्माचं वजन हा नुसता ठसा आहे. आत काय घडलं ते त्यावरून दर वेळी कळतंच असं नाही.

प्रश्नार्थी

केतकी, वडिलांच्या सिगारेटची युक्ती मला माहीत नव्हती. पटली. धन्यवाद.

शुभदा

मी या सगळ्याच्या अगदी तळाशी काम केलं आहे, म्हणजे बाळांची मापं घेणारी. अकरा वर्षं. तेव्हा आकडा कसा तयार होतो ते मी सांगते.

बाळाची लांबी मोजणं सोपं वाटतं. लाकडी फळी असते, डोक्याकडची बाजू पक्की, पायाकडची सरकती. दोघी लागतात. एकीने डोकं दोन्ही हातांनी धरून पक्क्या बाजूला टेकवायचं, नजर सरळ वर हवी. दुसरीने गुडघे हलक्या हाताने दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी टाचांना लावायची. बाळाला पाय पोटाशी घ्यायचे असतात. ते पूर्ण जोर लावतं. पाय सरळ झालेला तो एक क्षण पकडायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने ऐकून परत म्हणायचा, मग लिहायचा. मग बाळाला उचलायचं, पुन्हा ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन मापांत सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. असा आमच्याकडे नियम होता.

रोज सकाळी पहिलं बाळ यायच्या आत काट्यावर ठरलेलं वजन ठेवून काटा तपासायचा आणि वहीत सही करायची. महिन्यातून एकदा आम्ही चौघी त्याच दहा बाळांची मापं एकमेकींना न सांगता घ्यायचो आणि आकडे ताडून बघायचो. माझं दंडाच्या घेराचं माप सुरुवातीला सगळ्यांपेक्षा कमी यायचं, कारण मी टेप थोडी आवळायची. ते शिकायला मला दोन महिने लागले. तोवरची माझी मापं वेगळी खूण करून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं होतं, पण आमच्या बाई म्हणाल्या, चुकीचं माप कुठलं ते कळलं तर त्याचा हिशोब लावता येतो, लपलं तर नाही.

सांगायचं काय, की तुमच्या बाळाचा आकडा फाइलमध्ये जाईल तेव्हा त्यामागे कोणीतरी असा जीव लावलेला असतो.

जुना_वाचक

शुभदाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मनापासून आभार मानावेसे वाटले. आम्ही पडद्यावर बघतो त्या प्रत्येक स्तंभाच्या उगमाशी तुमच्यासारखं कोणी असतं. त्या खुणा केलेल्या मापांची किंमत मला विचारा.

सागरलाट

मला एक वेगळंच सल आहे. सगळे निष्कर्ष येऊन पडतात आईच्या डोक्यावर. आईने हे खाल्लं नाही, आई जास्त झोपली, आईने काळजी केली. माझ्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. तो दीड वर्षाचा असताना एका नातेवाईक बाईंनी चारचौघांत विचारलं, पोटुशी असताना दाणे खात होतीस ना? आज तो नऊ वर्षांचा आहे. त्या वाक्याने मी कितीदा रात्री जागी राहिले ते मलाच माहीत. असे अभ्यास म्हणजे उद्याच्या आयांवर लादायची नवी यादी, असं मला वाटत आलंय. मृण्मयी, राग मानू नकोस.

केतकी_

सागरलाट, तुमच्या त्या वाक्याला एव्हन अभ्यासातच उत्तर आहे, आणि ते तुम्हाला फार आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. तिथल्या १४ हजारांच्या आसपास मुलांपैकी ४९ जणांना दाण्याच्या अॅलर्जीचा इतिहास होता. (एवढ्या मोठ्या अभ्यासात ४९! हजारांनी मुलं का लागतात ते यावरून कळतं.) २००३ साली गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. गरोदरपणी आईने दाणे खाण्याशी अॅलर्जीचा संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो बाळाच्या पुरळ उठलेल्या, चिरलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावण्याशी. त्या क्रीममध्ये ते तेल असतं हे कुठल्या आईला ठाऊक असणार?

यातून कल्पना निघाली की त्वचेतून आलं तर शरीर त्याला शत्रू समजतं, तोंडातून आलं तर ओळखीचं. नुसत्या कल्पनेवर थांबले नाहीत. अॅलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं घेऊन लॅक यांनीच चाचणी केली. अर्ध्यांना लहानपणापासून दाण्याचे पदार्थ दिले, अर्ध्यांना टाळायला सांगितले. २०१५ साली निकाल आला: लवकर खाणाऱ्यांमध्ये अॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. त्याआधी डॉक्टर उलटा सल्ला देत होते. मीही शिकताना तोच शिकले होते, आणि पालकांना दिलाही होता. (घरी आपणहून प्रयोग कोणी करू नये, अॅलर्जीची शंका असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवा.)

तुमची चूक नव्हती.

सागरलाट

केतकी, काय लिहू कळत नाहीये. नवऱ्याला वाचून दाखवलं. थँक यू.

नभा

पुण्याचाही असा अभ्यास आहे ना? मधुमेहाबद्दल काहीतरी? कोणी लिहा प्लीज.

जुना_वाचक

हो, आणि तो जगात मान्यता पावलेला आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केला. बहुतेक अभ्यास दिवस राहिल्यावर सुरू होतात. इथे लग्न झालेल्या, अजून दिवस न राहिलेल्या बायकांची मापं आधीच घेऊन ठेवली होती. म्हणजे आई गर्भार होण्यापूर्वी कशी होती हेही माहीत.

त्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथलं सरासरी वजन २.७ किलो, तिथलं ३.५. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच राखलेली. दिसायला बारीक, आत चरबी. बारीक बांध्याच्या लोकांना कमी वयात मधुमेह का होतो या कोड्याचा एक धागा तिथे जन्मालाच सापडला. (याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. मी शिकवताना विद्यार्थ्यांना आधी तो फोटो दाखवायचो.)

सागरलाट यांच्या मुद्द्याला धरून पुढचं सांगतो. त्या आयांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त जणींना बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्वच) जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. यावर आयांना बोल लावण्याऐवजी तिथे काय केलं? त्याच अभ्यासात जन्मलेल्या, आता किशोरवयात आलेल्या मुलांना, मुली आणि मुलगे दोघांनाही, २०१२ पासून बी-१२ देऊन चाचणी सुरू केली. पुढच्या पिढीला फरक पडतो का हे बघायला. मला हे फार आवडतं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याकडेच परत जाणं.

प्रश्नार्थी

आता माझी दुसरी शंका. अठरा वर्षं लोक टिकतात का? अर्धे गळाले तर उरलेल्यांवरून काय कळणार?

जुना_वाचक

हा खरा दुखरा भाग. गळती कधी सरसकट नसते. घर बदलणारे, दोन नोकऱ्या करणारे, एकट्याने मूल वाढवणारे आधी सुटतात. म्हणजे ज्यांच्याबद्दल कळणं सर्वांत गरजेचं, तेच. एव्हनमध्येही हे झालं आहे. आम्ही गणिताने भरपाई करायचा प्रयत्न करतो, पण जो माणूस नाही त्याची जागा गणित पूर्ण भरू शकत नाही.

मोठमोठे अभ्यास यात बुडालेत. अमेरिकेने २००० साली कायदा करून एक लाख मुलांचा अभ्यास ठरवला. अब्जाहून जास्त डॉलर खर्च झाले आणि मुख्य अभ्यास सुरू न होताच डिसेंबर २०१४ मध्ये बंद करावा लागला. ब्रिटनने ८०,००० बाळांचा ठरवला, तोही पुरेशा गर्भवती नाव देईनात म्हणून २०१५ मध्ये गुंडाळला.

आणि दुसरीकडे न्यूझीलंडमधलं डनेडिन. १९७२-७३ साली जन्मलेली १,०३७ मुलं. पंचेचाळीस वर्षांचे झाले तेव्हा हयात असलेल्या ९९७ जणांपैकी ९३८ तपासणीला आले. ९४ टक्के! परदेशात गेलेल्यांना विमानाचं तिकीट पाठवून बोलावतात, एक पूर्ण दिवस तपासण्या होतात. पैसा हे एक कारण झालं. पण तिथे कोणाचं गुपित बाहेर जात नाही हा विश्वास पन्नास वर्षं जपलाय, अगदी गुन्ह्यांबद्दल विचारलेलंसुद्धा. माणसं त्यामुळे परत येतात.

मृण्मयी, यावरून तुमच्या प्रश्नांकडे. नाव आणि पत्ता एका जागी, आकडे दुसऱ्या जागी, मधली जोडणी फक्त क्रमांकाने, असं असायला हवं. माझ्यासारख्या विश्लेषकाला कधीही नाव दिसत नाही, दिसू नयेच. त्यांना विचारा की जोडणीची यादी कोणाकडे असते, नमुने परदेशी किंवा औषध कंपनीला जाऊ शकतात का, आणि रक्तात काही गंभीर सापडलं तर तुम्हाला कळवणार की नाही. याचं उत्तर प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं आणि ते आधी कळलेलं बरं. सोडता कधीही येतं, कारण न सांगता. मात्र तोवर जे निष्कर्ष छापून झाले त्यातून तुमचा आकडा काढता येत नाही. उरलेले नमुने नष्ट करायला सांगता येतं का ते बघा. आणि सगळ्याला एकदम होय म्हणायची सक्ती नसावी, बहुतेक ठिकाणी प्रत्येक गोष्टीसमोर वेगळा चौकोन असतो.

अबोली

उशिरा लिहितेय. माझी मुलगी अशा अभ्यासात जन्मापासून आहे, आता अठराची झाली.

आधी वाईट सांगते. ती चार वर्षांची असताना माझा दुसऱ्या वेळचा गर्भ सातव्या महिन्यात गेला. त्यानंतर पाच आठवड्यांनी टपालात पाकीट आलं, वरती रंगीत फुगे छापलेले, आत प्रश्न: "आपल्या दुसऱ्या बाळाला आता झोप कशी लागते?" मी ते पाकीट हातात घेऊन दारातच खाली बसले. नवऱ्याने फोन करून त्यांना खूप सुनावलं. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रमुख स्वतः घरी आली. सबबी सांगितल्या नाहीत. दवाखान्याची नोंद त्यांच्या यादीत पोचायला उशीर झाला होता, एवढंच सांगितलं आणि माझ्याजवळ बसून राहिली. जाताना म्हणाली, तुम्ही सोडलंत तरी आम्ही समजू शकतो. त्यानंतर त्यांनी पाकिटं पाठवायच्या आधी नोंद तपासायचा नवा नियम केला, आणि तसं मला पत्राने कळवलं.

मी सोडलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज वाटतं, माझ्या त्या सात महिन्यांची नोंद जगात आणखी कुठेतरी होती. त्या बाळाचं वजन, माझं रक्त, सगळं. कोणीतरी ते बघून काहीतरी शिकेल.

बाकी मग साध्या गोष्टी. लेकीने पहिला दात पाठवायला साफ नकार दिला, मुठीत धरून झोपली. दुसरा दिला. दहाव्या वर्षी फुंकायच्या नळीत फुप्फुसं रिकामी होईतो फुंकली आणि आकडा बघून खूश झाली. यंदा पहिल्यांदा पाकीट तिच्या नावाने आलं, माझ्या नाही. आता तिची स्वतःची संमती हवी. ती दोन दिवस ते घेऊन खोलीत बसली. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर ठेवलं, भरलेलं. एका चौकोनात "नाही" होतं. कुठल्या, ते मी पाहिलं नाही.

मृण्मयी_स

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याबरोबर बसून वाचले. अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

आज तपासणी होती. प्रश्न लिहून नेले होते. जोडणीची यादी कोणाकडे असते हे परिचारिकेला माहीत नव्हतं, तिने आत जाऊन विचारून आणलं. रक्तात उपचार करण्यासारखं काही सापडलं तर कळवतात, जनुकांबद्दलचं कळवत नाहीत. आम्ही नाव दिलं. रक्त, नाळेतलं रक्त, वार, मोजमापं याला होय. नमुने कंपन्यांना देण्याला सध्या नाही. नवऱ्याने आपणहून बाही वर केली, आणि प्रश्नावली आजच भरून टाकली, सिगारेटच्या प्रश्नासकट. सासूबाईंना शुभदाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, एवढ्या काळजीने करत असतील तर करू दे.

शुभदाताई, बाळाची पहिली मापं जन्मानंतर ७२ तासांच्या आत घेणार आहेत म्हणे. माझी काही तयारी लागते का?

शुभदा

तयारी काही नाही गं. आधी दूध पाजून घे, पण लगेच नको, अर्धा तास जाऊ दे. कपडे सगळे काढावे लागतात, तेव्हा खोली उबदार ठेवायला सांग आणि दुपटं हाताशी ठेव. पाय सरळ करताना बाळ रडेल. त्याला दुखत नाही, त्याला आवडत नाही. उठून उभं राहवत असेल तर डोकं धरणाऱ्या बाईच्या बाजूला उभी राहा आणि त्याच्याशी बोलत राहा. तुझा आवाज ते ओळखतं, आवाजाकडे लक्ष गेलं की पाय सैल सोडतं. आम्हाला तेवढा एकच क्षण हवा असतो.